लेझी एफपीयू परत आणू नका

सोलापुरातल्या इंजिनिअरिंगच्या पोरांमध्ये सध्या एक मजकूर जोरात फिरतोय. माझ्याकडेच तो चार जणांकडून आला. आधी शब्द: एफपीयू म्हणजे प्रोसेसरचा दशांशाचं (फ्लोटिंग पॉइंट) गणित करणारा भाग, रजिस्टरं म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या आकडे ठेवायच्या जागा, आणि कॉन्टेक्स्ट स्विच म्हणजे कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) एका थ्रेडचं, म्हणजे चालू कामाचं, थांबवून दुसऱ्याला पाळी देणं. सार असं: ‘प्रत्येक कॉन्टेक्स्ट स्विचला फ्लोटिंग पॉइंटची रजिस्टरं जपून ठेवणं ही उधळपट्टी आहे. बहुतेक थ्रेड दशांशाचं गणित करतच नाहीत. त्यात आता रजिस्टरं केवढी मोठी झालीत. कर्नलने जुनी लेझी पद्धत परत आणावी, मशीन सुसाट पळेल. कर्नलमध्ये तर फ्लोट चालतच नाही, तिथे प्रश्नच नाही. आणि काही चुकलंच, तर प्रोग्राम कोसळेल, लगेच कळेल.’

यातलं पहिलं म्हणणं इंटेलच्या ३८६ प्रोसेसरच्या जमान्यात खरं होतं. म्हणूनच ते अजून पटतं.

तेव्हा ३८७ हा एफपीयू म्हणजे शेजारी बसवायची वेगळी चिप होती आणि अनेक मशीनांत तिची जागा रिकामीच असायची. ज्याच्याकडे ती होती त्याचेही मोजकेच प्रोग्राम तिला हात लावायचे. म्हणून युक्ती अशी निघाली: स्विचच्या वेळी आधीच्या थ्रेडची रजिस्टरं तिथेच राहू द्यायची आणि सीआर० या नियंत्रण रजिस्टरमधला टीएस बिट (‘टास्क बदलला’ ही खूण) लावून ठेवायचा. नव्या थ्रेडने एफपीयूची सूचना चालवली की ७ क्रमांकाचं एक्सेप्शन उठतं, म्हणजे प्रोसेसर काम थांबवून कर्नलला हाक मारतो. मग कर्नल येऊन आधीच्याचं जपतो आणि नव्याचं भरतो. कोणी हात लावलाच नाही, तर १०८ बाइटांची हमाली वाचली.

आज? गणित करत नाहीत, कबूल. पण रजिस्टरं वापरतात. ६४ बिटच्या एक्स८६वर स्ट्रिंगची लांबी मोजायला आणि मेमरी इकडून तिकडे हलवायला जीलिबसी (लिनक्सवरची सी भाषेची लायब्ररी) हीच रुंद एक्सएमएम, वायएमएम रजिस्टरं वापरते. साधी नावांची यादी छापणारा प्रोग्रामसुद्धा त्यांना हात लावतो. म्हणजे लेझी पद्धतीत जपणं आणि भरणं जवळपास दरवेळी होणारच, वर एक्सेप्शनचा खर्च वेगळा. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

‘पण आता रजिस्टरं केवढी मोठी झालीत’ हा मजकुराचा दुसरा आधार, आणि आकडे खरेच वाढलेत. एफएक्ससेव्ह या जपायच्या सूचनेला ५१२ बाइट लागायचे, एव्हीएक्स (आणखी रुंद रजिस्टरं) आल्यावर ८३२ झाले, एव्हीएक्स-५१२मुळे अडीच हजारांच्या वर गेले. त्यावर उपाय मात्र हार्डवेअरनेच दिलाय. एक्ससेव्हऑप्टसारख्या सूचना जो भाग मूळ अवस्थेतच आहे किंवा बदललेलाच नाही तो लिहायचं टाळतात. लिनक्सने ५.२पासून आणखी एक सुधारणा केली: थ्रेडची रजिस्टरं परत भरायचं काम तो यूजर मोडमध्ये (कर्नलमधून आपल्या प्रोग्रामकडे) परतेपर्यंत लांबवलं. जपायचं काम मात्र लांबवत नाहीत. एएमएक्सच्या टाइल्स (मॅट्रिक्सच्या गणिताची रजिस्टरं) एकट्याच ८१९२ बाइट खातात. तिथे पहिल्या वापराला एक्सेप्शन घेऊन मगच मोठी जागा दिली जाते. म्हणजे आळस पूर्ण हद्दपार झालेला नाही. पण एकाची रजिस्टरं दुसऱ्याच्या पाळीत तशीच सोडायची, हा आळस गेला.

तो का गेला, हे मजकुरात सोयीस्कर गाळलंय. अनेक कोअर आले, की थ्रेड दुसऱ्या कोअरवर जातो आणि त्याचे आकडे पहिल्यावरच पडून राहतात. ते मागवायचे तर पहिल्या कोअरला हाक मारून थांबवायला हवं. लिनक्सने २०१६ मध्येच सगळीकडे ईगर पद्धत (स्विचलाच लगेच जपायचं आणि भरायचं) लावली, नंतर लेझीचा कोडच काढून टाकला. मग जून २०१८ मध्ये लेझीएफपी नावाचं सुरक्षेतलं भगदाड उघड झालं, नोंद क्रमांक सीव्हीई-२०१८-३६६५. इंटेल कोअर प्रोसेसरवर टीएस बिटचं एक्सेप्शन उठण्याआधीच अंदाजाने पुढच्या सूचना चालतात, आणि तेवढ्यात आधीच्या प्रोसेसचे आकडे कॅशच्या खुणांतून बाहेर काढता येतात. एईएस-एनआयच्या (प्रोसेसरमधल्या एन्क्रिप्शनच्या सूचनांच्या) किल्ल्या याच एक्सएमएम रजिस्टरांत असतात. ज्यांनी तोवर लेझी ठेवलं होतं त्यांना घाईघाईने ते काढावं लागलं. आणि आपल्याकडे ते परत आणायची हौस!

कर्नलमध्ये फ्लोट चालत नाही, हे अर्धंच खरं. कंपायलरला तशी बंदी असते, पण रेड-६ची (अनेक डिस्कवर डेटा सुरक्षित ठेवायच्या पद्धतीची) पॅरिटी आणि क्रिप्टोचा कोड ही रजिस्टरं वापरतोच. त्याआधी कर्नल_एफपीयू_बिगिन बोलवून यूजरचे आकडे जपावे लागतात, आणि कर्नल_एफपीयू_एन्डपर्यंत झोपायला (थांबून पाळी सोडायला) मनाई असते.

राहिलं शेवटचं: ‘चुकलं तर कोसळेल.’ हे वाचून हसू आलं, कारण याची किंमत मी मोजलीय.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टेरी टॉवेलच्या कारखान्यात मागाच्या पाइल बीमचा (टॉवेलच्या लूपचं सूत गुंडाळलेल्या रुळाचा) ताण सांभाळणारा डबा मी बसवला होता. आत कॉर्टेक्स-एम४एफ हा एफपीयू असलेला छोटा प्रोसेसर, आणि शेड्युलर (टास्कना पाळी देणारा कोड) माझ्याच हातचा. वर्षभर उत्तम चालला. मग मालकांना पाळीत किती मीटर निघाले त्याची सरासरी दाखवणारा डिस्प्ले हवा झाला, तो जोडला. आठवड्यात तक्रार: दिवसातून दोन-तीनदा हातभर पट्ट्यात लूप बसके येतात. काहीही कोसळत नव्हतं. माग चालू, डबा चालू, टॉवेल खराब.

वायरमनने केबल बदलली. मी सेन्सर बदलला. फिटरमामा बीम दोनदा तपासून म्हणाले, “बीमला काय झालं नाही बे, तुझ्या डब्यातच बघ.”

बरोबर होते. इंटरप्ट आला की एस० ते एस१५ ही रजिस्टरं हार्डवेअर स्टॅकवर टाकतं (त्यातलं लेझी स्टॅकिंग मी बंद ठेवलं होतं). ते बघून मी समजलो, फ्लोटचं काम झालं. एस१६ ते एस३१ सॉफ्टवेअरने जपायची असतात. माझ्या स्विचमध्ये आर४ ते आर११ आणि परतीचा कोड होता, ती सोळा नव्हतीच. वर्षभर फ्लोट वापरणारा टास्क एकच, म्हणून चूक झाकली गेली. डिस्प्लेचा टास्क दुसरा झाला. फंक्शन कॉलच्या पलीकडे टिकवायचा आकडा कंपायलर नेमका याच सोळांत ठेवतो, म्हणजे माझा सरासरी ताण. त्या जागी कधीमधी मीटरचा आकडा येऊन बसायचा. दोन्ही आकडे दिसायला सभ्य, कुठल्याही तपासणीतून सहज सुटणारे.

त्यानंतर मी चाचणीच लिहिली: प्रत्येक टास्कने सगळी रजिस्टरं आपापल्या ठरलेल्या आकड्यांनी भरायची, राउंडिंगची पद्धतही वेगळी ठेवायची, पाळी सोडायची आणि परत आल्यावर एकेक तपासायचं. जुन्या कोडवर ती पहिल्याच सेकंदाला लाल झाली. दुरुस्ती दोन सूचनांची होती, एक जपायची, एक भरायची, फ्लोट वापरलेल्या टास्कपुरती.

मालकांनी मध्ये एकदा डिस्प्ले काढून बघितला होता आणि टॉवेल सुधारले होते. त्यामुळे त्यांचं ठाम मत आहे की दोष डिस्प्लेचाच होता. वायरमन अजून केबलचे पैसे मागतोय.