कंटेनर हलका असतो, पण विंडोज आणि मॅकवर तो एकटा येत नाही

डॉकर (ॲप आणि त्याला लागणारं सगळं एका वेगळ्या कप्प्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवण्याचं साधन) शिकवणाऱ्या पोस्ट आणि व्हिडिओंमधून एक दावा जवळजवळ ठरलेल्या शब्दांत फिरतो: ‘व्हर्च्युअल मशीन जड, कंटेनर हलका. लॅपटॉपवर डॉकर डेस्कटॉप टाका. कंटेनर थेट तुमच्या सिस्टिमवर चालतो, रॅम खात नाही, काढून टाकला की डिस्क मोकळी. लॅपटॉपवर चाललं ते सर्व्हरवर चालणारच. आणि सगळं फुकट.’ लॅपटॉपवर लिनक्स असेल तर यातलं बरंचसं खपून जातं. विंडोज आणि मॅकवर मात्र नाही.

‘थेट चालतो.’ कंटेनर ही लिनक्सच्या कर्नलवर, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यावर, चालणारी साधी प्रोसेसच असते. नेमस्पेसमुळे ती इतरांपासून वेगळी राहते, सीग्रुपमुळे तिच्या मेमरी-सीपीयूला लगाम बसतो. विंडोज किंवा मॅकओएसचा कर्नल लिनक्सचा नाही, म्हणून डॉकर डेस्कटॉप पडद्यामागे एक लिनक्स व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आतला आभासी संगणक, उभी करतो: विंडोजवर डब्ल्यूएसएल २ (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय) किंवा हायपर-व्ही (विंडोजचं व्हर्च्युअल मशीन चालवणारं साधन), मॅकवर सहसा ॲपलचं व्हर्च्युअलायझेशन फ्रेमवर्क. तुमचे सगळे कंटेनर त्या एकाच मशीनच्या पोटात असतात. खात्री करायची तर कंटेनरमध्ये कर्नलचं नाव सांगणारी ‘यूनेम -आर’ ही कमांड चालवा. डब्ल्यूएसएलवर उत्तराच्या शेवटी ‘मायक्रोसॉफ्ट-स्टँडर्ड-डब्ल्यूएसएल२’ आणि मॅकवर ‘लिनक्सकिट’ दिसेल. (विंडोजचे स्वतःचे कंटेनर असतात, पण हा दावा करणाऱ्यांच्या डोक्यात ते नसतात.)

या मशीनची खरी किंमत फाइलींवर मोजावी लागते. कोड सी ड्राइव्हवर ठेवून तोच फोल्डर कंटेनरला जोडला, तर प्रत्येक फाइल उघडताना विनंती ९पी प्रोटोकॉलने लिनक्समधून विंडोजकडे जाऊन परत येते. दहा मोठ्या फाइलींना काही वाटत नाही. पण नोडच्या (जावास्क्रिप्टच्या) प्रोजेक्टमध्ये हजारो बारक्या फाइली असतात आणि लागणारी पॅकेजं उतरवणारं ‘एनपीएम इन्स्टॉल’ रेंगाळतं. शिवाय फाइल बदलल्याची आयनोटिफाय सूचना पलीकडे पोचत नाही, त्यामुळे हॉट रीलोड (कोड बदलताच ॲप आपोआप ताजं होणं) गप्प बसतो आणि लोक फ्रेमवर्कला दोष देतात. उपाय साधा आहे: रेपो (प्रोजेक्टच्या कोडचा साठा) डब्ल्यूएसएलमधल्या लिनक्सच्या होम फोल्डरमध्येच क्लोन करा आणि व्हीएस कोड डब्ल्यूएसएल एक्स्टेन्शनने तिथे जोडा. मॅकवर फाइल शेअरिंगसाठी व्हर्टिओएफएस निवडा आणि ‘नोड मॉड्यूल्स’ या पॅकेजांच्या फोल्डरला वेगळा नेम्ड व्हॉल्यूम (मशीनच्या आत डॉकरने सांभाळलेली साठवण) द्या.

‘रॅम खात नाही.’ कंटेनर फारशी खात नसेल, मशीन खाते. टास्क मॅनेजरमध्ये ‘व्हीएममेम’ नावाची प्रोसेस दिसते ती हीच. डब्ल्यूएसएल २ ला मुळात एकूण रॅमच्या निम्म्यापर्यंत मुभा असते, म्हणजे १६ जीबीच्या लॅपटॉपवर ८. लिनक्स वाचलेल्या फाइली कॅशमध्ये धरून ठेवतो, म्हणून बिल्ड संपल्यावरही आकडा लगेच उतरत नाही. विंडोजमधल्या तुमच्या यूजर फोल्डरमध्ये ‘.डब्ल्यूएसएलकॉन्फिग’ ही फाइल इंग्रजी स्पेलिंगने बनवा. पहिल्या ओळीत ‘[डब्ल्यूएसएल२]’, खाली ‘मेमरी=४जीबी’. मग ‘डब्ल्यूएसएल --शटडाउन’. नोटपॅड शेवटी गुपचूप ‘.टीएक्सटी’ चिकटवतो आणि सेटिंग लागूच होत नाही, तेवढं बघा. मर्यादा फार आवळली तर कंटेनर १३७ कोड देऊन मरतो: १२८ अधिक ९, म्हणजे प्रोसेस जबरदस्तीने मारणारा सिगकिल सिग्नल. हाच कोड ‘डॉकर स्टॉप’ला वेळेत दाद न देणाऱ्या कंटेनरलाही मिळतो, म्हणून ‘डॉकर इन्स्पेक्ट’मध्ये ‘ओओएमकिल्ड’ (मेमरी संपल्याने मारला का) पाहूनच निदान करा.

‘डिस्क मोकळी.’ वापरात नसलेलं पुसणाऱ्या ‘डॉकर सिस्टिम प्रून’ने जागा मोकळी होते ती मशीनच्या आत. बाहेरची व्हीएचडीएक्स फाइल, म्हणजे त्या मशीनची आभासी डिस्क, फुगते आणि जुन्या आवृत्त्यांत आपोआप आकसत नसे. आकसली नसेल तर डॉकर डेस्कटॉप बंद करा, ‘डब्ल्यूएसएल --शटडाउन’ द्या, मग विंडोजच्या डिस्कपार्ट या साधनात ती फाइल ‘सिलेक्ट व्हीडिस्क’ने निवडा आणि ‘अटॅच व्हीडिस्क रीडओन्ली’, ‘कॉम्पॅक्ट व्हीडिस्क’, ‘डिटॅच व्हीडिस्क’ या क्रमाने जा. ‘व्हॉल्यूम प्रून -ए’ मात्र हात राखून. डेटाबेसचा कंटेनर आधी काढलेला असेल तर त्याचा डेटाही जाईल. मॅकवर उलटी गंमत: मशीनच्या डिस्कची ‘डॉकर.रॉ’ फाइल ‘एलएस -एल’मध्ये अवाढव्य दिसते, पण ती स्पार्स असते, म्हणजे तिचा रिकामा भाग खरी जागा घेत नाही. खरा आकडा ‘डीयू -एच’ सांगतो.

‘सर्व्हरवर चालणारच.’ एम-मालिकेच्या मॅकवर इमेज (ज्यावरून कंटेनर सुरू होतो तो साचा) बनते ती आर्म६४ प्रकारच्या प्रोसेसरची. एएमडी६४ (इंटेल-एएमडी प्रोसेसरच्या) सर्व्हरवर ती ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ देते. बिल्ड करतानाच ‘--प्लॅटफॉर्म लिनक्स/एएमडी६४’ द्या; मॅकवर ती अनुकरणातून, म्हणून हळू चालेल. मॅकची डिस्क मुळात कॅपिटल-स्मॉल अक्षरांत फरक करत नाही, त्यामुळे चुकीच्या केसचं इम्पोर्ट मॅकच्या जोडलेल्या फोल्डरमधून चालतं आणि लिनक्सवर ‘मॉड्यूल सापडत नाही’ म्हणतं.

विंडोजवरचा त्रास वेगळाच. गिटने (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाने) शेल स्क्रिप्टच्या ओळींचे शेवट सीआरएलएफ, म्हणजे विंडोजच्या पद्धतीचे, केलेले असले, तर कंटेनर सुरू होताना ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ येतं, आणि फाइल तर डोळ्यांसमोर असते! कर्नल शोधत असतो तो ‘/बिन/एसएच’ नव्हे, तर त्यापुढे एक अदृश्य अक्षर चिकटलेला पत्ता. ‘.गिटॲट्रिब्यूट्स’मध्ये ‘*.एसएच टेक्स्ट ईओएल=एलएफ’ लिहा, स्क्रिप्ट पुसून पुन्हा चेकआउट करा, इमेज नव्याने बांधा.

‘फुकट.’ डॉकर डेस्कटॉपचे नियम ऑगस्ट २०२१ मध्ये बदलले. २५० हून जास्त कर्मचारी किंवा वर्षाला १ कोटी डॉलरहून जास्त उत्पन्न, यातली एक अट लागू झाली तरी कंपनीला सशुल्क वर्गणी घ्यावी लागते. शिकण्यासाठी आणि घरगुती वापराला पैसे नाहीत. डब्ल्यूएसएलमधल्या उबुंटूत नुसतं डॉकर इंजिन टाकलं तर ही अट लागत नाही, ते अपाचे २.० परवान्याखाली आहे. मॅकवर डॉकर डेस्कटॉपऐवजी कोलिमा किंवा पॉडमन डेस्कटॉप बघा.