शंभर ग्रॅम तेल पितो का कुणी?

डोकं फिरलंय माझं. सकाळी पोह्यांची फोडणी टाकत होते, मोहरी तडतडायला लागली आणि तेवढ्यात नवरा मागून येऊन मोबाइल माझ्या नाकाला लावून म्हणतो, बघ, हे वाच आधी. कुठलंतरी नवीन ॲप घेतलंय त्याने, बारकोड स्कॅन केला की ते मार्क देतं. शेंगदाणा तेल, १०० ग्रॅमला ८८४ कॅलरी, भोवती लालभडक गोल. शेजारी चॉकलेट-हेझलनट स्प्रेड, ५३९ कॅलरी, पिवळा गोल आणि वर प्रोटीनचा हिरवा टिकमार्क. "म्हणजे तुझ्या तेलापेक्षा माझं चॉकलेट बरं निघालं की नाही?" मी ते वाचेपर्यंत मोहरी करपली. करपलेल्या मोहरीचे कडू पोहे चौघांनी खाल्ले आणि वर मलाच ऐकवलं की बघ, तेल असंच असतं.

अरे पण शंभर ग्रॅम तेल पितं कोण?? कुणाच्या घरात तेलाची वाटी भरून चमच्याने खातात?

तेल म्हणजे सगळं फॅटच. फॅटच्या एका ग्रॅममध्ये ९ कॅलरी, साखरेच्या आणि प्रोटीनच्या एका ग्रॅममध्ये ४, हे शाळेत शिकलोय आपण. मग शंभर ग्रॅम तेलाचा आकडा ९०० च्या आसपास येणारच ना, त्यात शोध कसला लावलास. शेंगदाण्याचं घ्या, सूर्यफुलाचं घ्या, ते महागडं ऑलिव्ह घ्या, साजूक तूपसुद्धा तिथेच येतं. आणि स्प्रेडचा आकडा कमी का? कारण त्यात निम्म्याहून जास्त साखर आहे बाबा! साखरेची कॅलरी ग्रॅममागे फॅटच्या निम्म्याहून कमी, म्हणून साखर जितकी कोंबाल तितका तो आकडा खाली येतो आणि ॲपला वाटतं वा काय हलकं आहे.

हे सगळं सुरू झालं ते तेल १० टक्के कमी करा म्हणून मोदींनी २०२५ च्या फेब्रुवारीत मन की बातमध्ये सांगितलं तेव्हापासून. बरं सांगितलं, माझी काही तक्रार नाही, आपल्याकडे तेल जास्तच खातात. पण त्यांनी १० टक्के म्हटलेलं, आमच्याकडे तीन लिटरवरून थेट एक लिटरवर आणलं. भाजी करताना हा माणूस शेजारी उभा राहतो, बुदल्यावर नजर ठेवून, जसं काही मी सोनं ओततेय. भरली वांगी पाण्यावर शिजवायला लावली. पाण्यावर! मसाला एकीकडे, वांगं एकीकडे, मध्ये पाणी, आई तर ताट बघून काही बोलल्याच नाहीत, दही-भात कालवून घेतला आणि उठल्या.

मग मी एक दिवस बसले हिशोबाला. आमच्या घरात चार माणसं, हे कमी करणं सुरू व्हायच्या आधी महिन्याला तीन लिटर तेल. लिटरभर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं, म्हणजे झालं २७३० ग्रॅम, भागिले चार, भागिले तीस, माणशी दिवसाला २३ ग्रॅम. त्यात फोडणी आली, पोळीला लावायचं आलं, रविवारची भजी आली आणि तळून उरलेलं कढईतलं फेकलेलंपण आलं. हैदराबादच्या त्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या गाइडलाइन्समध्ये २००० कॅलरीच्या ताटाला २७ ग्रॅम तेल-तूप धरलंय. तूप वरून थोडं होतं ते धरलं तरी फार लांब नाही मी. सकाळच्या पोह्यांनाच बघा, चौघांत मिळून दोन टेबलस्पून तेल, माणशी आलं ७ ग्रॅम, साठेक कॅलरी. ही माझी गुन्हेगारी.

आता साहेबांचं बघू. परवा मी काय केलं, बरणी आधी किचनच्या काट्यावर ठेवली, मग त्याला खाऊ दिलं, मग परत ठेवली. दोन गरम पोळ्या, त्यावर चॉकलेट फासलं, एक चमचा असाच तोंडात, आणि झाकणाला लागलेलं बोटाने. फरक किती? ३८ ग्रॅम. लेबलवर सर्व्हिंग छापलंय १५ ग्रॅम. १५ ग्रॅम म्हणजे किती ते एकदा काट्यावर घेऊन बघाच, पोळीच्या मधोमध एक ठिपका पडतो, कडेपर्यंतसुद्धा जात नाही. ज्याने कुणी तो १५ चा आकडा ठरवला त्याने पोळी कधी पाहिली नसणार. ३५० ग्रॅमच्या बरणीत त्यांच्या हिशोबाने २३ सर्व्हिंग व्हायला पाहिजेत, आमच्याकडे बाप-लेकांनी सहा दिवसांत तळ गाठला.

तर ३८ ग्रॅम. त्यात साखर २१ ग्रॅम, म्हणजे पाच चमचे सपाट भरून. डब्ल्यूएचओ सांगते वरून घातलेली साखर दिवसाच्या कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, ५ टक्क्यांच्या आत आली तर आणखी चांगलं, आणि ५ टक्के म्हणजे मोठ्या माणसाला साधारण २५ ग्रॅम. म्हणजे याचा तो कोटा सकाळी नऊच्या आत जवळपास संपला, अजून चहा व्हायचाय, दोन वेळचा, दीड-दीड चमचा साखरेचा. कॅलरी झाल्या २०५. तेलाचा एक लहान चमचा ४० कॅलरीचा असतो, म्हणजे पाच चमचे तेल झालं हे. मी भाकरीवर पाच चमचे तेल ओतून घेतलं असतं तर या माणसाने रुग्णवाहिका बोलावली असती.

आणि खरी मजा पुढे आहे. मी बरणी उलटी केली. मागे बारीक अक्षरात घटकपदार्थ असतात ना, ते वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे असा नियमच आहे, जे सगळ्यात जास्त ते पहिलं. पहिलं काय? साखर. दुसरं काय? पाम तेल!! समोर फोटोत हेझलनट कसले टपोरे, दुधाचा ग्लास ओततोय, आणि मागे साखरेनंतर तेल. याने जे तेल पुढच्या दाराने हाकललं ते चॉकलेटचा कोट घालून मागच्या दाराने आत आलं, आणि माझ्या तेलापेक्षा वाईट होऊन आलं. पाम तेलात निम्मं सॅच्युरेटेड फॅट, म्हणजे जे जपून खायला सांगतात ते, असतं, शेंगदाणा तेलात पाचव्या हिश्शाच्याही आत. त्या ३८ ग्रॅममध्ये १२ ग्रॅमच्या आसपास फॅट आहे. फोडणीपेक्षा जास्त! हे मी दाखवलं तर म्हणतो, पण त्यात प्रोटीन आहे, ॲपने टिक दिलीये.

प्रोटीन. शंभर ग्रॅमला ६ ग्रॅम. याने खाल्लेल्यात सव्वादोन-अडीच ग्रॅम. अरे मूठभर शेंगदाणे खा, ३० ग्रॅम, सात-साडेसात ग्रॅम प्रोटीन मिळेल, साखर नाही काही नाही. माझं माहेर सोलापूर, तिथे शेंगाचटणी कुटताना दाण्याचं तेल सुटेपर्यंत कुटतात, कडक भाकरी मोडायची, चटणीत खड्डा करायचा आणि वर कच्च्या तेलाची धार. वडील रोज हेच खायचे, आणि मोजून घालायचे हां, एक चमचा, कारण तेल महाग होतं, त्याला ॲप लागत नव्हतं. त्या ॲपमध्ये व्हिटॅमिन ई चा रकानाच नाही, जे शेंगदाणा तेलात चांगलं असतं. गाजर-पालकातून मिळणारं अ जीवनसत्त्व अंगी लागायला जेवणात थोडी स्निग्धता लागते ह्याचाही रकाना नाही. शून्य तेलाची पालकभाजी करायला लावून वर विचारतो, हेल्दी वाटतंय ना?

मी तेलाची वकील नाहीये बरं. रोज तळण करा असं म्हणत नाहीये, आणि त्या तेलाच्या पिशवीवर "कोलेस्टेरॉल फ्री" छापतात तोही चावटपणाच आहे, वनस्पतीच्या कुठल्याच तेलात कोलेस्टेरॉल नसतं, म्हणजे टरबुजावर "हाडं नाहीत" लिहिल्यासारखं झालं ते. पण फोडणी आणि पोळीवर फासायचं चॉकलेट यांची शंभर-शंभर ग्रॅम घेऊन कुस्ती लावायची ही कुठली अक्कल? मग मिठाची आणि कलिंगडाची लावा ना. शंभर ग्रॅम मिठात शून्य कॅलरी, खा मग वाटीभर.

अमेरिकेत एका आईने न्यूटेला नावाच्या अशाच चॉकलेट स्प्रेडवर केस केली होती म्हणे, जाहिरातीत मुलांच्या हेल्दी नाश्त्यात दाखवता म्हणून, आणि २०१२ साली कंपनीने ३० लाख डॉलर मोजून प्रकरण मिटवलं. मी नवऱ्याला हे वाचून दाखवलं तर म्हणतो आपली बरणी वेगळ्या कंपनीची आहे. घ्या. काय बोलणार.

सगळ्यात जास्त राग येतो तो चिरंजीवांवरून. नऊ वर्षांचा आहे. काल डब्यात मेथीचा पराठा दिला, तर तसाच परत आला, का तर पप्पा म्हणाले पराठ्यात तेल असतं, मला चॉकलेट पोळी दे, ती पिवळी आहे. पिवळी! पोरगं आता रंग सांगतंय मला. लेबलवर साखर दिवसाच्या कोट्याच्या किती टक्के ते छापतात, तो टक्का दिवसाला ५० ग्रॅम धरून काढलेला असतो, तोही २००० कॅलरी खाणाऱ्या मोठ्या माणसाचा हिशोब, हे नऊ वर्षांच्या पोराला कोण समजावणार, बापाला समजत नाही तिथे.

काल बरणीवर मार्करने रेघ मारून ठेवलीये, तारीख टाकून. आत्ता पावणेअकरा वाजलेत, मी हॉलमध्ये बसून हे टाइप करतेय, हा पाणी प्यायला म्हणून उठला, आणि किचनमधून जो आवाज आला तो माठाच्या झाकणाचा नाही. थांबा, काटा घेऊन जाते.