वाचलेलं खरंच फक्त १० टक्के लक्षात राहतं?

ऐकलेलं ५ टक्के, वाचलेलं १०, दृक्‌श्राव्य २०, प्रात्यक्षिक ३०, चर्चा ५०, स्वतः केलेलं ७५ आणि दुसऱ्याला शिकवलेलं तब्बल ९० टक्के लक्षात राहतं, असा एक रंगीत पिरॅमिड सतत फॉरवर्ड होत असतो. सोबत सल्ला: वाचत काय बसता?

आधी हे आकडे बघू. कोणाला काय शिकवलं आणि किती दिवसांनी तपासलं? पिरॅमिडवर यातलं काहीच नसतं. सगळे आकडे पाचाच्या पटीत आहेत, तिथेच पाल चुकचुकायला हवी. श्रेय अमेरिकेतल्या नॅशनल ट्रेनिंग लॅबोरेटरीज या प्रशिक्षण संस्थेला देतात, पण मूळ प्रयोगाची नोंद त्यांच्याकडेही नाही.

‘हे अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांचं संशोधन आहे,’ असंही सांगतात. नाही. डेल यांनी १९४६ साली शिकण्याच्या अनुभवांचे प्रकार दाखवणारी शंकूची आकृती मांडली, पण तिच्यात एकही टक्केवारी नव्हती. ती नंतर कुणीतरी चिकटवली.

आता मुख्य मुद्दा, वाचन कुचकामी असल्याचा. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांना उतारे दिले. एका गटाने चारही सत्रं उतारा वाचला. दुसऱ्याने एकाच सत्रात वाचला आणि पुढच्या तीन सत्रांत न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी तपासलं तर वाचणारे पुढे: सुमारे ८३ विरुद्ध ७१ टक्के. आठवड्याने मात्र वाचणारे ४० वर घसरले, लिहून काढणारे ६१ वर राहिले. दोघांचं माध्यम एकच, वाचन! मग तो १० टक्क्यांचा शिक्का मारायचा कोणावर?

गंमत पुढेच आहे. आठवड्यानंतर किती आठवेल, असं आधीच विचारलं तेव्हा जास्त खात्री वाचणाऱ्यांनाच होती. ओळी ओळखीच्या झाल्या की त्या पाठ झाल्या असं वाटतं. पुस्तक मिटल्यावर काय सांगता येतं, ते तपासायचं राहूनच जातं. अभ्यासात आपण फसतो ते इथे, आणि त्याबद्दल पिरॅमिडमध्ये अवाक्षर नाही.

राहिलं शिकवणं. त्याचा फायदा होतो, वादच नाही. समजावताना आठवावं लागतं आणि अडखळलो की कच्चं कुठे आहे ते कळतं. नोट्स बघून वाचून दाखवलं तर यातलं काहीच घडत नाही. शिवाय ९० टक्केवाल्याने शिकवण्याआधी तो विषय कुठून आणला? वाचूनच ना!