पहाटे चारची रांग

मलेशियातलं जोहोर बारू शहर आणि सिंगापूर यांना जोडणाऱ्या कॉजवेवरच्या वाहतूक कोंडीचं सगळं खापर एका लेखात सुट्टीला निघालेल्या गाड्यांवर फोडलंय, ते पटलं नाही. पहाटे चारला तिथे उभं राहून बघा. सामुद्रधुनीत भराव टाकून केलेला, १९२४ मध्ये खुला झालेला जेमतेम किलोमीटरभराचा रस्ता आणि त्यावर मलेशियन दुचाकीस्वारांचा लोंढा. जॅकेट उलटं घातलेलं, म्हणजे छातीला वारा लागत नाही. पगार सिंगापूर डॉलरमध्ये, घरखर्च मलेशियाच्या रिंगिटमध्ये, म्हणून ही माणसं रोज दोनदा देश ओलांडतात. २०२४ पासून वुडलंड्सला, म्हणजे सिंगापूरच्या बाजूच्या तपासणी नाक्यावर, पासपोर्टऐवजी क्यूआर कोड चालतो, तेवढाच दिलासा. दोन्ही बाजूंना जोडणारी चार किलोमीटरची नवी रेल्वे होतेय, चांगलंच आहे. पण ज्याचा कारखाना स्टेशनपासून लांब आहे, तो दुचाकी कशी सोडणार? लेखकाने या माणसांशी बोलायला हवं होतं.