दहाव्या पिढीचे कुलदीपक

'द सिम्स' या आभासी माणसांचं घर चालवायच्या कॉम्प्युटर गेममध्ये घराणं वसवायचं ठरवलंत? उत्तम केलंत. घरात आपलं कोणी ऐकत नाही ही ज्यांची जुनी तक्रार आहे, त्यांच्यासाठीच हा खेळ आहे.

२००० सालच्या पहिल्या भागात वंशाची भानगड नव्हती. शाळकरी पोर जन्मभर शाळकरीच राहायचं, अभ्यासात फारच ढ निघालं तर लष्करी शाळेत रवाना व्हायचं. २००४च्या दुसऱ्या भागात माणसं म्हातारी होऊ लागली, आईचं नाक मुलीकडे जाऊ लागलं आणि वारस निवडायचं पवित्र काम तुमच्या गळ्यात पडलं. एकच घराणं दहा पिढ्या चालवायच्या 'लेगसी चॅलेंज'मध्ये वारसाहक्काचे नियम आधीच ठरवायचे असतात. जरूर ठरवा. मग थोरलीची हनुवटी पसंत पडली नाही की बदला.

एका घरात आठ जणांनाच मुभा. नववं बाळ येणार म्हटलं की कोणाला तरी निरोप द्यावाच लागतो. आजोबा आपणहून जातील या भरवशावर राहू नका. आयुर्मान 'लाँग'वर असेल तर त्यांचा काही नेम नाही. पोहायला उतरलेल्याला बुडवण्यासाठी तलावाची शिडी काढून घेण्याचा जुना रामबाण उपायही तिसऱ्या भागापासून चालत नाही, हल्लीचे लोक काठावरून वर चढतात. (चारी बाजूंनी भिंत घालता येते. पण आपण सभ्य घराण्याबद्दल बोलतोय.)

सगळ्यात आधी सेटिंग्जमध्ये जाऊन घरातल्यांची स्वतंत्र बुद्धी बंद करा. आता कोण कधी जेवणार, कधी झोपणार आणि कोणाच्या प्रेमात पडणार हे सारं तुम्ही ठरवाल. मग एके दिवशी स्वयंपाकघरात आग लागेल. अख्खं खानदान आपापली कामं टाकून शेगडीभोवती गोळा होईल, हात उडवत किंचाळेल. दार दोन पावलांवर असेल, पण बाहेर कोणी पडणार नाही. एकेकावर क्लिक करत तुम्ही ओरडाल, 'या कार्ट्यांना स्वतःचं डोकं म्हणून नाहीच!' बरोबर आहे तुमचं.

बालसंगोपनाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. २०१४मध्ये चौथा भाग आला तेव्हा दुडदुडत्या वयाची मुलंच त्यात नव्हती. पाळण्यातलं बाळ थेट दप्तर घेऊन निघायचं. २०१७मध्ये ती आली आणि तेव्हापासून जगभरचे खेळाडू पॉटीपाशी बसून आहेत.

पैशांची चणचण भासली तर 'मदरलोड' हा चीट कोड टाइप करा, ५०,००० सिमोलियन (खेळातलं चलन) हजर. कष्टाची किंमत मुलांना कळावी म्हणून हे मुलं शाळेत गेल्यावर करावं.

मूळ पुरुष गेला की यमराज येतील. त्यांच्याकडे गयावया करायची सोय आहे, पण आधी घरातल्यांची संख्या मोजा. आठ असतील तर विनवणी जरा बेतानंच. पुढे थडगं आडवं येऊन स्वयंपाकघर वाढवता येत नसेल, तर ते उचलून अंगणाच्या कोपऱ्यात टाका. भूत चिडेल, रात्री येऊन सिंक फोडेल. दुरुस्तीला धाकट्याला लावा; त्याला नाहीतरी वारसा मिळणार नाहीये.