डेंटिंग-पेंटिंगच्या मिस्त्रीला भाव नंतर विचारा, आधी रंगाखालचं काम विचारा

दसरा जवळ आला की आपल्या विदर्भात तालुक्याच्या प्रत्येक डेंटिंग-पेंटिंगवाल्यापुढे बोलेरो, पिकअप, छोटा हत्ती, जुन्या अल्टो यांची रांग लागते. जो येतो तो पहिलं एकच विचारतो, "दादा, एका पॅनेलचे किती घेता?" माझं मत स्पष्ट आहे, हा प्रश्न पहिला विचारणाऱ्याचं काम तिथेच बिघडायला लागतं. भाव पाडला की मिस्त्रीला तो कुठून तरी भरून काढावाच लागतो आणि रंगकामात पैसा वाचवायची जागा एकच असते, रंगाच्या खाली. वरची चमक कोणीही आणून देतो. क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर) मारलं, २००० नंबरच्या सँड पेपरने घासलं, रबिंग कंपाऊंड फिरवलं की कसंही काम डिलिव्हरीच्या दिवशी झकास दिसतं. खालचं काम कसं होतं ते पुढचा पावसाळा दाखवतो.

म्हणून मिस्त्री निवडायचा तर त्याच्याकडची तयार गाडी बघू नका, अर्धवट उभी असलेली गाडी बघा. उघडा पत्रा, पेस्ट (खड्डे भरायची पुट्टी) लावलेला दरवाजा, प्रायमरवर (रंगाआधीच्या थरावर) असलेलं बोनेट. जो मिस्त्री हे बिनदिक्कत दाखवतो आणि हात लावून बघू देतो, त्याच्याशी पुढचं बोला.

आपल्या भागातल्या गाड्या कुठे सडतात ते आधी लक्षात घ्या. पांदणीतून येता-जाता चाकाच्या कमानीत काळी माती जाऊन बसते. वरून वाळलेली दिसली तरी ती आत ओल धरून ठेवते. दरवाजाच्या खालच्या काठाला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात, ती याच चिखलाने बुजतात आणि दरवाजा आतून गंजत येतो. बाहेर रंगावर फोड दिसतो तोवर पत्रा आतून बराच गेलेला असतो. फुटबोर्ड, मॅटखालचा फ्लोअर, डिक्कीचा खालचा काठ या जागांचंही तसंच. आता मिस्त्रीची परीक्षा इथे होते. फोड बघून जो लगेच "पेस्ट मारून देतो" म्हणतो, त्याला नमस्कार करा. चांगला माणूस स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने टोचून बघतो, मॅट उचलतो, दरवाजाचं आतलं ट्रिम काढतो आणि मगच सांगतो. आरपार गेलेला पत्रा कापून तिथे नवा तुकडाच जोडावा लागतो. भोकात जाळी किंवा कागद कोंबून वरून पेस्ट चढवली, तर आतून पाणी लागतच राहतं आणि ती पेस्ट एक दिवस तुकड्याने निघून पडते. जोड झाल्यावर आतल्या बाजूनेही अँटी-रस्ट मारलं का, हे विचाराच. बहुतेक ठिकाणी फक्त बाहेरची बाजू रंगवली जाते.

जोड कशाने करतात तेही बघा. बॉडीचा पत्रा साधारण एक मिलिमीटरच्या आतबाहेर असतो. गॅस वेल्डिंगची उष्णता लांबवर पसरते, पत्रा लहरतो आणि ती लहर झाकायला पुन्हा पेस्टचा थर चढतो. सीओटू वेल्डिंगने (कार्बन डायऑक्साईड वायूच्या आवरणात तारेने होणाऱ्या) थोड्या थोड्या अंतरावर टाके घेत गेलं तर पत्रा जागेवर राहतो. आणि वेल्डिंगला हात घालण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलीच पाहिजे. आजच्या गाड्यांत ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर), सेन्सर, एअरबॅगची वायरिंग असते. ही एक वायर काढायचा कंटाळा करणारा मिस्त्री पत्रा सरळ करेल, पण इलेक्ट्रिकचा वेगळाच खर्च मागे लावेल.

पेस्टविषयी जरा सविस्तर बोलतो, कारण सगळ्यात जास्त खोट तिथेच असते. पेस्ट वाईट नाही. ठोकून सरळ केलेल्या पत्र्यावरची बारीक ऊंच-खोल भरायला ती हवीच. पण तिचा थर दोन-तीन मिलिमीटरच्या वर जायला नको. ठोकायचा कंटाळा केला की खड्डा जसाच्या तसा पेस्टने भरला जातो. मग उन्हात पत्रा एका मापाने फुगतो, पेस्ट दुसऱ्या मापाने, वर रस्त्याचे हादरे, आणि कडेने चीर पडते. हार्डनरचं (पेस्ट घट्ट करणाऱ्या रसायनाचं) प्रमाण १०० ग्रॅम पेस्टला साधारण २ ते ३ ग्रॅम असतं. घाई म्हणून जास्त घातलं तर पेस्ट लावता लावताच आवळते, बारीक छिद्रं राहतात आणि हार्डनरचा डाग पुढे रंगातून वर उमटू शकतो. कमी घातलं तर पेस्ट आतून कच्ची राहते आणि रंग वाळल्यावर पेपरचे ओरखडे दिसायला लागतात. तपासायची युक्ती सोपी आहे. एक पातळ, कमी ताकदीचं चुंबक कापडात गुंडाळून पॅनेलवर फिरवा. चांगल्या पत्र्यावर ते चिकटतं, जाड पेस्टवर घसरून पडतं. प्लॅस्टिकचा बंपर आणि ॲल्युमिनियमच्या भागावर मात्र ही युक्ती चालत नाही. जुनी गाडी घेणाऱ्यांनी तर हे चुंबक खिशात ठेवावंच.

पेस्ट कोरडीच घासली पाहिजे, हा माझा आग्रह आहे. आपल्याकडे सर्रास वॉटर पेपर आणि पाण्याची बादली घेऊन पेस्ट घासतात. धूळ उडत नाही, पेपर टिकतो, काम भराभर होतं. पण पेस्ट पाणी शोषून घेते. ते पाणी प्रायमरखाली अडकलं की पत्रा खालून गंजतो आणि वर पुटकुळ्या येतात. पेस्टवर ८०, मग १२०, १८० नंबरचा कोरडा पेपर, मग सरफेसर (पृष्ठभाग एकसारखा करणारा प्रायमर), आणि तो पूर्ण वाळल्यावर ४००, ६००, ८०० नंबर पाण्यासोबत चालेल. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्या लोकांनी तर आणखी एक गोष्ट विचारा, घासायला आणि धुवायला पाणी कोणतं वापरता? बोअरच्या खाऱ्या पाण्याने घासून तसंच वाळू दिलं तर क्षार पृष्ठभागावर राहतात. वरून रंग झाला तरी ते क्षार रंगाच्या थरातून ओल ओढत राहतात, आणि पहिल्या पावसाळ्यात फोड येतात. गोड पाण्याने शेवटचं धुणं, मग कोरडं पुसणं, मग पूर्ण वाळू देणं, एवढं केलं तरी पुष्कळ फरक पडतो.

उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर मारता का, हा पुढचा प्रश्न. "रेड ऑक्साईड मारतो" असं उत्तर आलं तर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला ते चालेल, कारच्या पॅनेलला नाही. घासलेला पत्रा श्रावणातल्या दमट हवेत रातभर उघडा ठेवला तर सकाळी त्यावर तांबूस झाक आलेली असते. त्यावरच प्रायमर मारणारे आहेत, म्हणून सांगतो.

रंग एनसी (नायट्रोसेल्युलोज) की पीयू (पॉलियुरेथेन), हे कागदावर लिहून घ्या. एनसी स्वस्त, लवकर वाळतो, पण आपल्या उन्हात लवकर फिका पडतो आणि पेट्रोल सांडलं की डाग धरतो. पीयू म्हणजे टू-के, दोन भाग मिसळून मारायचा रंग, त्यात हार्डनर असतो आणि तो आतून घट्ट होतो. पीयूचे पैसे घेऊन एनसी मारल्याचा संशय असेल तर आठवडाभर वाळल्यावर दरवाजाच्या आतल्या लपलेल्या कोपऱ्यात थिनरचा बोळा हलकेच घासा. एनसी बोळ्यावर उतरून येतो. नीट घट्ट झालेला पीयू असा विरघळत नाही. अलीकडच्या बहुतेक गाड्यांना बेस कोट आणि वर क्लिअर अशी पद्धत असते. बेसचे दोन-तीन हात, प्रत्येक हातानंतर दहा-पंधरा मिनिटांची उसंत, मग क्लिअरचे दोन हात. क्लिअर आणि हार्डनरचं प्रमाण २:१ की ४:१, हे त्या डब्यावर छापलेलं असतं. डोळ्याच्या अंदाजाने ओतणारा आणि मापाच्या कपात ओतणारा, यातला कोणता निवडायचा हे सांगायला नको.

आपल्या हवामानात वेळेला फार महत्त्व आहे. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, दुपारी उन्हात उभ्या गाडीच्या बोनेटवर हात ठेववत नाही. तशा तापलेल्या पत्र्यावर फवारा बसायच्या आतच वाळतो, संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा येतो, किंवा वरचा थर आवळून खालचा थिनर अडकतो आणि टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं पडतात. उन्हाळ्यात काम सावलीत, पत्रा गार झाल्यावर, सकाळी लवकर आणि स्लो थिनर (हळू उडून जाणारा) घालूनच व्हायला हवं. उलट झडीच्या दिवसांत फास्ट थिनरने एनसी मारला की हवेतली ओल रंगात उतरून वर पांढुरकी झाक येते. त्याच दिवसांत कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठतं. रोज सकाळी टाकीखालचा नळ उघडून ते पाणी सोडतात का आणि गनच्या आधी पाणी अडवणारा फिल्टर आहे का, एवढं बघितलं तरी गॅरेजची शिस्त कळते. घुग्घुस, वणी, चंद्रपूरकडे कोळशाची धूळ आहे, तिथे उघड्यावर क्लिअर मारणं म्हणजे धुळीवर पैसा घालणं. बूथ, म्हणजे रंग मारायची बंद खोली, प्रत्येकाला परवडत नाही, हे मान्य. पण प्लॅस्टिकचा आडोसा आणि खाली पाणी शिंपडलेली जमीन एवढं कोणालाही जमतं.

एक गोष्ट मिस्त्री लोकांसाठीही सांगायची आहे. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, फवाऱ्यातून ते फुफ्फुसात जातं आणि त्याने दमा होऊ शकतो. तोंडाला बांधलेला रुमाल त्याला अडवत नाही, कार्ट्रिजचा मास्क लागतो. पोरगं बिनमास्कचं फवारत असेल तर मालकाला दोन शब्द बोला. आपलं काम स्वस्तात होण्यासाठी कोणाची छाती जाऊ नये.

रंग जुळवण्यासाठी गाडीचा कलर कोड बघतात. तो इंजिनच्या खोलीत किंवा ड्रायव्हरच्या दरवाजाच्या खांबावरच्या पट्टीवर असतो. पण पाच-सहा वर्षं उन्हात राहिलेली गाडी कोडपेक्षा फिकी झालेली असते, म्हणून पत्र्याच्या तुकड्यावर आधी नमुना मारून तो उन्हात गाडीला लावून बघावा लागतो. सिल्व्हर आणि पर्ल रंगात एकाच दरवाजाचा रंग सहसा चपखल बसत नाही. तिथे शेजारच्या पॅनेलवर बेस विरवत न्यावा लागतो. त्याचे पैसे मिस्त्री जास्त मागेल, ते रास्त आहेत, द्या.

कोणता मिस्त्री खरा, हे गावात कोणाला विचारायचं? गाडीमालकाला विचारलं तर तो भाव सांगेल. त्यापेक्षा तालुक्याच्या ऑटो पेंटच्या दुकानात विचारा. इपॉक्सी प्रायमर, हार्डनर, चांगल्या कंपनीचं क्लिअर कोण नियमित नेतं आणि कोण फक्त एनसी आणि सुटा थिनर नेतं, हे त्या दुकानदाराला तोंडपाठ असतं. मग त्या मिस्त्रीने दोन पावसाळ्यांपूर्वी रंगवलेली एखादी गाडी शोधा. तिच्या काचेच्या रबरावर, दरवाजाच्या हँडलच्या कडेला, टायरवर रंगाचे शिंतोडे आहेत का बघा. शिंतोडे असले तर बीडिंग (काचेच्या कडेची पट्टी), हँडल, दिवे न काढताच पेपर चिकटवून रंग मारलेला आहे. अशा कडेपासूनच पुढे साल निघते.

ट्रॅक्टर-ट्रॉलीला मात्र पीयूचा खर्च करू नका. युरिया, डीएपीच्या पोत्यांतून सांडलेलं खत पत्रा खातं, तिथे चमक काय कामाची? ट्रॉली धुवून, वायर ब्रशने गंज काढून, रेड ऑक्साईडवर सिंथेटिक इनॅमलचे दोन हात पुरेत.

पैशाचा व्यवहार टप्प्याने करा. थोडा ॲडव्हान्स सामानाला, काही प्रायमरचा फोटो आल्यावर, उरलेला गाडी बघून. विमा असेल तर सर्वेअरने पाहण्याआधी गाडी खोलू देऊ नका. साध्या पॅकेज पॉलिसीत (स्वतःच्या गाडीचं नुकसानही भरणाऱ्या) प्लॅस्टिक आणि रबरच्या भागांवर जुनेपणापोटी ५० टक्के घसारा कापतात, काचेवर काही नाही. रंगकामात फक्त सामानाच्या रकमेवर ५० टक्के कापतात. बिलात मजुरी आणि सामान वेगळं दाखवलेलं नसेल तर रंगाच्या एकूण रकमेचा २५ टक्के भाग सामान धरतात. पक्कं बिल नसेल तर क्लेम अडतो आणि पुढे तक्रारही लंगडी पडते. बिल असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवता येते.

गाडी ताब्यात संध्याकाळी ट्यूबलाइटखाली घेऊ नका, सकाळच्या तिरप्या उन्हात घ्या. बोनेट आणि दरवाजांमधल्या फटी सगळीकडे सारख्या आहेत का, काचा पूर्ण खाली-वर होतात का, हेडलाइट एका पातळीत पडतात का, दरवाजाखालची पाण्याची भोकं रंगाने बुजली नाहीत ना, हे बघा. पहिला आठवडा धुवू नका, पहिला महिना वॅक्स किंवा सिलिकॉनचं पॉलिश लावू नका. कबुतरं-कावळे बसतात त्या कडुनिंबाखाली गाडी लावणं टाळा. विष्ठा पडलीच तर वाळू न देता ओल्या मऊ फडक्याने लगेच पुसून घ्या.