‘चालतंय ना, मग हात लावू नका’: या सल्ल्याला मुद्देसूद उत्तर

एक मेसेज दर थोड्या दिवसांनी नव्याने फिरायला लागतो. स्वतःची छोटी वेबसाइट चालवणाऱ्यांना आणि घरचा कॉम्प्युटर सांभाळणाऱ्यांना त्यात पाच गोष्टी सांगितलेल्या असतात. छोट्या साइटला कोणी हॅक करत नाही. बिघाड अपडेटमुळेच होतात, म्हणून ती बंद ठेवा. पत्त्याशेजारी कुलूप दिसलं की साइट सुरक्षित. कॉम्प्युटर मंदावला की क्लीनर (नको त्या फाइली काढणारा प्रोग्रॅम) आणि डीफ्रॅग (डिस्कवर विखुरलेले फाइलींचे तुकडे एकत्र आणणं) चालवा. बॅकअपची काळजी होस्टिंग कंपनी घेते. आणि शेवटी: चालतंय ना, मग हात लावू नका.

पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असतो यात शंका नाही. पण हे ऐकून माणसं वर्षानुवर्षांचं लिखाण आणि घरचे फोटो गमावून बसतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘छोट्या साइटला कोण हॅक करतंय?’ कोणी माणूस बसून तुमची साइट निवडतो, असं यात गृहीत धरलंय. तसं होत नाही. इंटरनेटवरच्या मशीनला आकड्यांचा पत्ता असतो, आणि आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीचे असे पत्ते सगळे मिळून सुमारे ४३० कोटी. २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप नावाचं टूल वापरून एकाच मशीनवरून हे सगळे पत्ते पाऊण तासाच्या आत तपासून दाखवले होते. शिवाय साइटशी होणारी देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या एचटीटीपीएससाठी तुम्ही सर्टिफिकेट घेतलं की तुमच्या डोमेनचं नाव सार्वजनिक नोंदीत जातं, आणि त्या नोंदींवर बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम, नजर ठेवून असतात. मित्रांना साइटचा पत्ता कळवायच्या आधीच ते येऊन गेलेले असतात.

खात्री करायची असेल तर साइटचा अ‍ॅक्सेस लॉग, म्हणजे कोणी काय मागितलं याची सर्व्हरवरची नोंद, उघडा. साइट साध्या एचटीएमएल पानांची असली, वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरचा तिच्याशी काही संबंध नसला, तरी लॉगमध्ये वर्डप्रेसच्या लॉगिन पानाची मागणी दिसेल आणि तिच्यापुढे ४०४, म्हणजे ‘असं काही इथे नाही’. मग डॉट-ईएनव्ही फाइलची मागणी, कारण तिच्यात डेटाबेसचा पासवर्ड असू शकतो. पुन्हा ४०४. मग कोडचा इतिहास असलेलं डॉट-गिट फोल्डर, मग ‘बॅकअप’ नावाची झिप फाइल. बंद दारं एकेक करून ढकलून बघणं चाललेलं असतं. या ओळींमध्ये ४०४ च्या जागी कुठे २००, म्हणजे ‘सापडलं, दिलं’, असं दिसलं, तर बाकीची कामं बाजूला ठेवून आधी ती फाइल बघा.

छोट्या साइटचं त्यांना करायचंय काय? तुमच्या सर्व्हरवरून स्पॅम पाठवायचा, कोपऱ्यातल्या एखाद्या फोल्डरमध्ये बँकेच्या लॉगिनसारखं दिसणारं पान ठेवायचं, तुमच्या लेखांत जाहिरातींचे दुवे घुसवायचे. साइट किती वाचकांची आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं.

‘अपडेट बंद ठेवा.’ या मुद्द्यात तथ्याचा अंश आहे, तो मान्य करायला हवा. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० च्या एका मोठ्या अपडेटने काही लोकांच्या फाइली उडवल्या आणि मायक्रोसॉफ्टला ते अपडेट थांबवावं लागलं. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बंद पाडली. लोकांच्या मनात भीती बसली ती उगाच नाही.

पण अपडेट बंद ठेवल्याने काय होतं तेही बघा. सुरक्षेचं अपडेट येतं तेव्हा भोक कुठे होतं हेही जाहीर होतं. जुना कोड आणि नवा कोड शेजारी ठेवला की हल्लेखोराला नेमकी जागा कळते. वर्डप्रेसचं ४.७.२ हे अपडेट २६ जानेवारी २०१७ ला आलं. त्यात एक गंभीर त्रुटी बुजवली होती. लोकांना अपडेट करायला वेळ मिळावा म्हणून तिचा तपशील मुद्दाम १ फेब्रुवारीपर्यंत जाहीर केला नाही. त्यानंतर काही दिवसांत लाखो पानांवरचा मजकूर बदलला गेला. ज्यांचं आपोआप होणारं अपडेट चालू होतं ते वाचले. त्याच वर्षी १२ मे रोजी वॉनाक्राय हा रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम, पसरला, दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटरांवर. ज्या त्रुटीतून तो शिरला, तिच्यावरचं अपडेट १४ मार्चलाच आलेलं होतं. जवळजवळ दोन महिने हातात होते.

मोठी, नव्या सोयी आणणारी अपडेट काही आठवडे पुढे ढकला, त्यात काही बिघडत नाही. सुरक्षेची मात्र लगेच घ्या. साइटवर एखादं प्लगइन, म्हणजे जादा सोय देणारा जोड-प्रोग्रॅम, वापरात नसेल तर ते नुसतं निष्क्रिय करून ठेवू नका, काढूनच टाका, कारण त्याच्या फाइली आणि त्यांतल्या त्रुटी सर्व्हरवर तशाच राहतात.

‘कुलूप दिसलं की सुरक्षित.’ कुलूप फक्त एवढंच सांगतं की तुमचा ब्राउझर आणि ती साइट यांच्यातला मजकूर वाटेत कोणी वाचू शकत नाही. पलीकडे कोण बसलंय, हे ते सांगत नाही. लेट्स एन्क्रिप्टसारख्या सेवेकडून सर्टिफिकेट फुकट मिळतं आणि ते फसवणाऱ्यालाही मिळतं. हा गैरसमज इतका पसरला की सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोमने ते कुलूपचिन्हच काढून टाकलं.

‘क्लीनर मारा, प्रीफेच रिकामं करा, डीफ्रॅग करा.’ प्रीफेचमध्ये प्रोग्रॅम लवकर उघडावेत म्हणून विंडोजने करून ठेवलेल्या नोंदी असतात. त्या उडवल्या की पुढच्या वेळी प्रोग्रॅम जास्त वेळ घेतो आणि विंडोज त्या पुन्हा बनवतं. डीफ्रॅगची गरज फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला असते. चिपवर माहिती साठवणाऱ्या एसएसडीत सरकणारा भागच नाही, त्यामुळे तिथे नुसती झीज वाढते. आणि ड्राइव्हला जे लागतं ते विंडोज ठरलेल्या वेळी स्वतःच करतं. क्लीनर रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांची नोंदवही, साफ करतो; तिच्यातल्या लाखो नोंदींपैकी काहीशे काढून वेग वाढत नाही, पण चुकीची एक निघाली तर प्रोग्रॅम बंद पडतो. २०१७ मध्ये तर सीक्लीनर नावाच्या क्लीनरच्या अधिकृत आवृत्तीतच मालवेअर घुसवलेलं सापडलं, आणि ती सुमारे २२ लाख ७० हजार लोकांकडे पोचलेली होती.

त्यापेक्षा कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि नेमकं काय भरलंय ते बघा. मेमरी भरलेली असेल तर ब्राउझरचे टॅब कमी करा किंवा रॅम वाढवा. सुरुवात ठीक होते, थोड्या वेळाने पंखा घोंघावतो आणि वेग पडतो, असं होत असेल तर आत धूळ साचली असण्याची शक्यता मोठी. डिस्क १०० टक्के दिसते पण वाचण्या-लिहिण्याचा वेग नगण्य आहे, असं असेल तर सावध व्हा: डिस्कच मरायला टेकलेली असू शकते. अशा वेळी डीफ्रॅग किंवा तासन्‌तास चालणारं स्कॅन लावणं म्हणजे तिचा शेवट जवळ आणणं. आधी महत्त्वाच्या फाइली दुसरीकडे कॉपी करा, बिघाड शोधणं नंतर.

‘बॅकअप होस्टिंगवाले घेतात.’ या मुद्द्यावर मला सर्वात जास्त बोलायचंय, कारण इथे गेलेलं परत येत नाही. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्ग इथल्या ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक अख्खी इमारत जळाली. काही ग्राहकांचा बॅकअपही त्याच आवारात होता. साइट गेली आणि तिची प्रतही गेली.

नुसता बॅकअप असणंही पुरेसं नाही. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेच्या एका इंजिनिअरकडून चालू डेटाबेस पुसला गेला. कॉपी ठेवण्याच्या पाच पद्धती कागदावर होत्या, पण ऐन वेळी एकही भरवशाची निघाली नाही. रोजचा डंप, म्हणजे डेटाबेसची फाइलीत उतरवलेली प्रत, प्रोग्रॅमच्या आवृत्त्या न जुळल्यामुळे कधीपासून फसत होता आणि तो फसल्याचे ईमेल वाटेतच नाकारले जात होते. योगायोगाने सहा तास आधी हाताने घेतलेली एक कॉपी होती, म्हणून निभावलं. तज्ज्ञांच्या कंपनीत हे घडतं, तर आपण न तपासलेल्या बॅकअपवर विसंबू नये.

साइटच्या फाइली आणि डेटाबेस दोन्ही उतरवा आणि होस्टिंगच्या बाहेर ठेवा. डेटाबेसची डंप फाइल उघडून बघा: मायएसक्यूएल या डेटाबेसचा डंप पूर्ण झाला असेल तर अगदी तळाला तसं लिहिलेलं असतं. तुमच्या सर्वात नव्या लेखाचं शीर्षक तिच्यात शोधा. मग घरच्या कॉम्प्युटरवर ती साइट एकदा उभी करून फोटो दिसतात का बघा. घरच्या फाइलींसाठी एक डिस्क अशी ठेवा जी कॉपी झाल्यावर काढून ठेवता येते. क्लाउडशी सिंक असणं म्हणजे बॅकअप असणं नव्हे, कारण इकडे पुसलेली किंवा रॅन्समवेअरने कुलूपबंद केलेली फाइल तिकडेही तशीच पोचते.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट जाता जाता सांगतो. डोमेन (साइटचं नाव) जिथून घेतलं त्या खात्याला त्याच डोमेनवरचा ईमेल देऊ नका. डोमेनची मुदत संपली की तो ईमेल बंद पडतो आणि पासवर्ड बदलायचा दुवा त्याच बंद पेटीत जातो. डॉट कॉम असेल तर सवलतीचे दिवस संपल्यावर ३० दिवस जबर शुल्क भरून ते सोडवता येतं. त्यानंतर पाच दिवसांनी ते कोणालाही घेता येतं.